ठसा, रंग आणि पाणी : हातछपाईच्या कापडाचे शास्त्र

रंगाच्या कढईत एकच रंग उकळत आहे. तीत पिवळसर दिसणारे एक कापड बुडविले जाते. काही वेळाने ते बाहेर काढले, तर त्यावर तांबडा, काळा व तपकिरी असे तीन रंग निरनिराळ्या जागी उठलेले दिसतात. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने इजिप्तमधील रंगाऱ्यांच्या अशाच एका कृतीचे वर्णन केले असून, कढईत रंग एकच असताना कापडावर अनेक रंग कसे येतात याचे त्याला मोठे नवल वाटले होते. भारतातील छिपे, खत्री व रंगारी यांना मात्र या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. ती त्यांच्या नित्याच्या व्यवहारातील गोष्ट होती. कढईत जाण्यापूर्वी त्या कापडावर लाकडी ठशांनी काय उमटविले होते, यात या चमत्काराचे सारे रहस्य आहे. त्या रहस्याचा उलगडा करणे हा या पाठाचा उद्देश होय.

प्राचीनत्वाचा पुरावा

मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. तो मंजिष्ठेच्या वर्गातील रंजकाने रंगविलेला असल्याचे तपासणीत आढळले. सुतावर तांबडा रंग पक्का बसविण्यासाठी रंगबंधक द्रव्य लागते. यास्तव ही विद्या भारतात चार हजार वर्षांहून अधिक जुनी आहे, असे अनुमान करता येते.

ठशांनी छापलेल्या कापडाचा पुरावा त्या मानाने पुष्कळ नंतरचा आहे, परंतु तो विपुल आहे. इजिप्तमधील जुन्या कैरोजवळच्या फुस्तात या ठिकाणी भारतीय छापील कापडाचे शेकडो तुकडे मिळाले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील एकट्या न्यूबेरी संग्रहात असे बाराशेहून अधिक तुकडे आहेत. किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने केलेल्या कालमापनात त्यांतील काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे जातात. त्यांतील बरेचसे कापड गुजरातेत तयार झालेले होते. इजिप्तच्या कोरड्या हवेमुळे ते टिकून राहिले. भारताच्या दमट हवेत त्याचा मागमूसही उरला नसता.

पुढे सतराव्या शतकात हेच कापड युरोपात गेले. आपल्याकडील ‘छीट’ या शब्दावरूनच इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द आला. धुतल्यावरही रंग न सोडणाऱ्या या कापडाची तेथे इतकी मागणी झाली की, स्थानिक विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ साली व इंग्लंडने १७०० आणि १७२० साली त्याविरुद्ध कायदे केले. फ्रान्समधील बंदी १७५९ साली उठली, तर इंग्लंडमधील १७७४ साली. बंदीच्या काळात भारतीय रंगाऱ्यांची कृती जाणून घेण्याचे प्रयत्न चालूच होते. ब्यूल्यू या फ्रेंच अधिकाऱ्याने पाँडिचेरीत प्रत्येक टप्प्यावर कापडाचा नमुना काढून घेतला आणि कृतीची नोंद केली, तर केर्दू या धर्मोपदेशकाने १७४२ साली पत्राद्वारे ती स्वदेशी कळविली.

ठशाची घडण

ठसा हे या कलेचे मुख्य हत्यार. साग, शिसव यांसारख्या टणक व सरळ रेषेच्या लाकडाचा ठोकळा घासून अगदी सपाट करतात, त्यावर नक्षी उतरवितात आणि बारीक छिन्न्यांनी कोरीव काम करतात. छापावयाचा भाग उंच राहतो व बाकीचे लाकूड खोल काढले जाते. गुजरातेतील पेथापूर व उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद ही गावे ठसे कोरण्यासाठी प्रसिद्ध आहेत. कोरून झालेला ठसा काही दिवस तेलात ठेवतात. त्यामुळे लाकूड पाणी कमी शोषते व वारंवार भिजून-वाळून तडकत नाही. मोठ्या ठशांना आरपार बारीक भोके पाडलेली असतात. ठसा कापडावर टेकताच मध्ये अडकलेली हवा त्यांतून निघून जाते. अन्यथा त्या जागी नक्षी फिकी उमटली असती.

एका नक्षीसाठी बहुधा एकाहून अधिक ठसे लागतात. बाह्यरेषा उमटविणारा तो ‘रेख’, पार्श्वभूमी भरणारा तो ‘गद’ आणि फुलापानांच्या पोटात रंग भरणारा तो ‘दत्ता’. हे ठसे एकमेकांशी तंतोतंत जुळावे लागतात. ठशाच्या कोपऱ्यावरील खुणेचा ठिपका आधीच्या छापाच्या ठिपक्यावर ठेवून कारागीर पुढचा छाप मारतो. छापण्याचे मेज जाड गोणपाटाने व कापडाने मऊ केलेले असते, म्हणजे मुठीचा ठोका ठशाच्या सर्व भागांवर सारखा पोहोचतो. रंगाच्या तबकातही सच्छिद्र गादी असते, तिच्यामुळे ठशाला रंगाचा पातळ व सारखा थर लागतो.

धाग्याला रंग का चिकटत नाही?

सुताचा धागा सेल्युलोज या पदार्थाचा बनलेला असतो. मंजिष्ठेच्या मुळ्यांतील रंजकाला सेल्युलोजचे फारसे आकर्षण नसते. त्यामुळे साधे कापड मंजिष्ठेच्या काढ्यात उकळले, तर ते फिकट गुलाबी होते आणि दोन-चार धुण्यांत तो रंगही जातो. रंजक आणि धागा यांच्यामध्ये एक दुवा लागतो. त्याला रंगबंधक असे म्हणतात. तुरटीतील ॲल्युमिनियम आणि गंजातील लोह हे भारतीय रंगाऱ्यांचे दोन प्रमुख रंगबंधक होत.

तथापि सुतावर तुरटीही सहजासहजी टिकत नाही. येथे हिरडा उपयोगी पडतो. हिरड्याच्या फळात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. सह्याद्रीच्या जंगलांत गोळा होणारा हिरडा औषधांप्रमाणेच रंगकामाला व कातडी कमावण्यालाही उपयोगी पडतो, तो या टॅनिनमुळेच. हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळविलेल्या कापडाला पिवळसर छटा येते. टॅनिन धाग्याला धरून ठेवते आणि टॅनिनला ॲल्युमिनियम व लोह धरून राहतात. मग मंजिष्ठेच्या कढईत रंजकाचे रेणू ॲल्युमिनियमशी संयोग पावून तांबडे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनते. ते धाग्याच्या आतच तयार झालेले असल्यामुळे धुऊन निघत नाही. जेथे तुरटी नाही तेथे हे संयुग बनत नाही, आणि तेथील रंग धुऊन काढता येतो.

तुरटीचे द्रावण रंगहीन असते. यामुळे छापलेला भाग कारागिराला दिसावा म्हणून त्यात थोडा गेरू घालतात. हा गेरू केवळ खुणेपुरता असतो. कापडावरचा तांबडा रंग त्याचा नव्हे. द्रावण पसरू नये म्हणून त्यात डिंक घालून ते घट्ट केले जाते.

काळा रंग करण्याची रीत विशेष मनोरंजक आहे. घोड्यांचे जुने नाल, खिळे व लोखंडाचे तुकडे गूळ घातलेल्या पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवतात. गूळ आंबतो आणि त्यापासून ॲसिटिक अम्लासारखी अम्ले तयार होतात. ही अम्ले लोखंडावर क्रिया करतात आणि विरघळणारी लोहाची लवणे बनतात. हे पाणी चिंचोक्याच्या पिठाबरोबर शिजवून घट्ट करतात व ठशाने छापतात. हिरड्याचे टॅनिन आणि लोह यांचा संयोग होताच कापडावर काळा रंग उठतो. जुन्या काळी दौतीतील शाई याच क्रियेने तयार होत असे. तुरटी व लोह एकत्र करून छापल्यास मंजिष्ठेत तपकिरी वा जांभळट छटा येते. प्लिनीला नवल वाटलेल्या गोष्टीचे कारण ते हेच : कढईत रंग एकच असला, तरी कापडावर धातू निरनिराळे असतात.

निळीची वेगळी तऱ्हा

निळीला रंगबंधक लागत नाही, परंतु तिची अडचण वेगळीच आहे. ती पाण्यात विरघळतच नाही. चुना घातलेल्या अल्कधर्मी पाण्यात गूळ, टाकळ्याचे बी यांसारखी द्रव्ये घालून रांजण आंबविल्यास सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने निळीचे क्षपण होते आणि ती विद्राव्य स्वरूपात येते. अशा रांजणातील द्रावण पिवळसर हिरवे दिसते. त्यात बुडविलेले कापड बाहेर काढताच हवेतील ऑक्सिजनने निळीचे पुन्हा ऑक्सिडीभवन होते, आणि पाहता पाहता हिरवे कापड निळे होते. धाग्यात शिरलेली नीळ आता पुन्हा अविद्राव्य झालेली असते, म्हणून ती पक्की.

जो भाग निळा होऊ द्यावयाचा नाही, तो झाकून ठेवणे एवढाच येथे उपाय. त्यासाठी चुना व डिंक, अथवा माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचे पीठ यांचा लगदा ठशाने छापतात. राजस्थानात मातीच्या या लगद्याला ‘दाबू’ म्हणतात. ओल्या लगद्यावर लाकडाचा भुसा भुरभुरला की तो लवकर सुकतो आणि कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटत नाहीत. निळीचा रांजण गार असणे येथे आवश्यक असते. गरम पाण्यात लगदा सुटला असता आणि सारी नक्षी बुडाली असती.

अजरख : सर्व क्रियांचा संगम

कच्छमधील अजरख या कापडात वरील सर्व क्रिया एकत्र येतात. प्रथम कापडातील खळ व मेण काढून टाकतात आणि एरंडेल, क्षार व उंटाची लीद यांच्या मिश्रणात ते पुनःपुन्हा मळून वाळवितात. नंतर हिरड्याचे पाणी देतात. मग चुना व डिंक यांनी पांढऱ्या रेषा राखून ठेवल्या जातात, लोहाने काळ्या रेषा उमटविल्या जातात, आणि तुरटी, माती व डिंक यांच्या लगद्याने तांबडे व्हावयाचे भाग छापले जातात. हा लगदा एकाच वेळी दोन कामे करतो. निळीपासून तो त्या भागाचे रक्षण करतो आणि पुढे येणाऱ्या मंजिष्ठेसाठी त्याच जागी तुरटी पेरून ठेवतो. कापड निळीत बुडवून वाळविल्यावर वाहत्या पाण्यात आपटून धुतात. अखेरीस मंजिष्ठेच्या कढईत ते उकळले जाते. कढईत धायटीची फुले वा झाऊ यांसारखी द्रव्ये घातल्याने पांढऱ्या भागावर डाग बसत नाहीत. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापलेला असतो आणि दोन्हीकडील रेषा एकमेकींवर बरोबर बसतात.

या सर्व टप्प्यांची संख्या सुमारे पंधरा भरते आणि कापड पुरे होण्यास काही आठवडे लागतात. क्रम बदलला तर रंग बदलतो, आणि एक धुणे कमी पडले तर पांढरा भाग मळतो. म्हणून या कारागिराला प्रयोगशाळा न पाहिलेला रसायनतज्ज्ञ म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

पाण्याचा प्रश्न

रंगकामात पाण्याला केवळ साधन समजणे ही चूक होय. पाण्यात लोह असल्यास ते धुतानाच पांढऱ्या भागातील टॅनिनला चिकटते व पांढऱ्याचा करडा होतो. तांबडा रंगही मळकट, तपकिरी होतो. उलट, पाण्यातील थोडा चुना मंजिष्ठेच्या तांबड्या रंगाला पोषक असतो. जयपूरजवळील सांगानेर व बगरू, मध्य प्रदेशातील बाग, आंध्र प्रदेशातील मछलीपट्टण ही छपाईची केंद्रे पाण्याच्या सान्निध्यात वाढली, हा योगायोग नव्हे.

या संबंधाची कठोर परीक्षा कच्छमध्ये झाली. परंपरेनुसार सोळाव्या शतकात सिंधमधून आलेले खत्री सारण नदीच्या काठी धमडका येथे वसले. विसाव्या शतकात नदी आटली, आणि धुण्यासाठी विहिरींचे पाणी उपसावे लागले. भूजल खोल जाऊ लागले. २६ जानेवारी १९०१ नव्हे, तर अगदी अलीकडे, २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूकंपाने धमडका उद्ध्वस्त झाले, माणसे दगावली, कार्यशाळा कोसळल्या. त्यानंतर पाण्यातील लोहाचे प्रमाणही अजरखला मानवेनासे झाले. घरे पुन्हा बांधता आली असती, परंतु पाणी बांधता येत नाही. म्हणून अनेक कुटुंबांनी भूजच्या पूर्वेस जमीन घेऊन अजरखपूर हे नवे गाव वसविले. काहीजण धमडका येथेच राहिले. गाव वसविताना कारागिरांनी पहिला विचार पाण्याचा केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाण्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. रंगाचे उरलेले पाणी शेवटी जमिनीत वा नाल्यात जाते. वनस्पतिज रंग वापरले तरी त्यासोबत तुरटी, लोह व क्षार असतात, आणि कृत्रिम रंगांच्या पाण्याचा प्रश्न तर याहून बिकट आहे. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे ही या धंद्याची आजची निकडीची गरज होय.

यंत्र आणि कृत्रिम रंग

टॉमस बेल याने १७८३ साली कोरीव रुळांनी छापण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६८ साली अलिझरीन कृत्रिम रीतीने बनविले, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. यांमुळे मंजिष्ठा आणि नीळ या दोन्ही पिकांचा बाजार बसला. भारतातील छिपेही हळूहळू कृत्रिम रंगांकडे वळले. ते स्वस्त होते व काम लवकर उरकत असे. कच्छमध्ये वनस्पतिज रंगांची परंपरा जवळजवळ लुप्त झाली असता, १९७० च्या दशकात धमडक्याचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी ती पुन्हा उभी केली आणि आपल्या मुलांना शिकविली. त्यांचे पुत्र इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधील डी माँटफर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

आज अजरखच्या नक्षीची यंत्रावर छापलेली नक्कल अल्प किमतीत सर्वत्र मिळते. नक्कल दिसण्यात हुबेहूब असू शकते, पण तिच्यात वर सांगितलेली एकही क्रिया घडलेली नसते. कच्छच्या अजरखला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मानांकनाचा उपयोग ग्राहकाला फरक कळला तरच होतो.

कलावंतांच्या कार्यशाळांतून मिळणारी प्रेरणा

नवी नक्षी कोठून येते, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर काही कार्यशाळांच्या इतिहासात मिळते.

इंग्लंडमधील विल्यम मॉरिस याला आपल्या काळचे भडक कृत्रिम रंग पसंत नव्हते. तो १८७५ साली लीक येथील टॉमस वॉर्डल या रंगतज्ज्ञाच्या रंगशाळेत गेला आणि निळीच्या हौदाशी स्वतः उभा राहून काम शिकला. भारतातील रंजकद्रव्यांचा अभ्यास करणारा तज्ज्ञ म्हणून वॉर्डल प्रसिद्ध होता. पुढे १८८१ साली मॉरिसने वँडल नदीच्या काठी मर्टन ॲबे येथे कार्यशाळा काढली. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही त्याची १८८३ सालची नक्षी बागेतील फळे चोरणाऱ्या पक्ष्यांवरून सुचली. पण ती कापडावर उतरली ती रसायनाच्या मदतीने. संपूर्ण कापड निळे करून, विरंजक द्रव्य ठशाने छापून हवा तेथील निळा रंग काढण्यात आला आणि मोकळ्या जागी तांबडा व पिवळा रंग देण्यात आला.

त्यानंतरच्या पिढीत फिलिस बॅरन हिला फ्रान्समध्ये मिळालेल्या जुन्या ठशांवरून या कलेचा छंद लागला. जुन्या ग्रंथांतील कृती स्वतः करून पाहत ती निळीचे व लोहाचे रंग शिकली. १९२३ पासून तिच्यासोबत काम करणारी डॉरथी लार्चर हिचा महाराष्ट्राशी संबंध आला होता. लेडी हेरिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या चित्रकारांत ती होती. त्याच कामात भाग घेतलेले नंदलाल बसू पुढे शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख झाले.

या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. यांपैकी कोणीही केवळ तयार नक्षी उचलली नाही. प्रत्येकाने द्रव्याची मर्यादा आधी जाणून घेतली. लाकडात रेषा किती बारीक टिकते, ठसा शेजारी ठसा ठेवल्यावर दोन नक्षींमधील रिकामी जागा कोणता आकार घेते, तुरटी किती पातळ केली म्हणजे तांबड्याचा गुलाबी होतो, हे ज्याला कळले त्याला जुन्या ठशांतूनही नवे कापड सुचते. कार्यशाळा पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून पूर्ण झालेल्या कापडापेक्षा फसलेले नमुने, रंगांच्या चाचणीच्या चिंध्या व झिजलेले ठसे यांकडे अधिक लक्ष द्यावे.

करून पाहण्याचा प्रयोग

खळ काढून धुतलेले सुमारे १०० ग्रॅम सुती कापड घ्यावे. २० ग्रॅम हिरड्याची पूड एक लिटर पाण्यात कालवून, गाळून त्यात ते तासभर ठेवावे आणि न धुता उन्हात वाळवावे. १० ग्रॅम तुरटी १०० घनसेंटिमीटर गरम पाण्यात विरघळवून डिंकाने घट्ट करावी. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवून लोहाचे पाणी आधीच तयार केलेले असावे. भांड्याचे झाकण सैल ठेवावे, कारण आत वायू तयार होतो. बटाटा कापून केलेल्या ठशाने एका जागी तुरटी, दुसऱ्या जागी लोह व तिसऱ्या जागी दोहोंचे मिश्रण छापावे. दोन-तीन दिवस वाळू देऊन कापड भरपूर पाण्यात धुवावे. नंतर ५० ग्रॅम मंजिष्ठेच्या पुडीच्या पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर तासभर हळूहळू तापवावे. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत.

याच वेळी तशाच तयार केलेल्या दुसऱ्या तुकड्याला, धुण्याच्या पाण्यात लोहाच्या पाण्याचे काही थेंब घालून, तीच कृती करावी. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले म्हणजे कच्छमधील कारागिरांनी गाव का बदलले, हे कोणत्याही स्पष्टीकरणावाचून ध्यानात येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एकाच कढईतून अनेक रंग उठण्याचे कारण काय?
२. निळीच्या रांजणातून काढलेले कापड हवेत निळे का होते?
३. अजरखमधील तुरटीचा लगदा कोणती दोन कामे करतो?
४. आपल्या गावातील विहिरीचे व नळाचे पाणी वापरून वरील प्रयोग करावा आणि रंगांतील फरकाची नोंद ठेवावी.